सरोवर की बुडीत? : घाटरस्त्यावरील मराठी सायकल-लेखनाची दृष्टी

मराठी प्रवासवर्णनाच्या कुळात गेल्या वीसेक वर्षांत एक नवे भावंड आले आहे. ते अजून ग्रंथरूपाने फारसे स्थिरावलेले नाही. वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्या, सायकल क्लबांच्या स्मरणिका आणि अधूनमधून दिवाळी अंक असे त्याचे घर आहे. बारीक टायरच्या, गिअरच्या सायकलीवरून सह्याद्रीतले घाट चढायचे, धरणांच्या काठाने फिरायचे आणि परतल्यावर ते लिहायचे, असे त्याचे स्वरूप आहे. या लेखनाची समीक्षा जवळजवळ झालेलीच नाही. हौशी लेखन म्हणून ते कौतुकाने वाचले जाते आणि कौतुकानेच बाजूला ठेवले जाते. प्रस्तुत लेखात हे लेखन साहित्य म्हणून वाचण्याचा प्रयत्न आहे. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यातले पोफळी हे ठिकाण उदाहरणादाखल घेतले आहे. पोफळीहून कुंभार्ली घाटाने वर जाणारा रस्ता या लेखनाचा आवडता विषय आहे आणि त्या लेखनाची बलस्थाने व आंधळ्या जागा दोन्ही या एका रस्त्यावर दिसतात.

पहिला मुद्दा भाषेचा आहे. सायकलवरून सह्याद्रीतल्या जलाशयांकडे जाणारा लेखक पाणी दिसताच एका ठरावीक शब्दकळेत शिरतो. निळेशार सरोवर, आरसपानी पाणी, डोंगरांच्या कुशीत विसावलेला तलाव, आणि शेवटी हटकून एखाद्या परक्या प्रदेशाचे नाव. कोयनेच्या जलाशयाकाठचे तापोळा 'मिनी काश्मीर' म्हणून ओळखले जाते. इतर ठिकाणी स्वित्झर्लंड येते, कधी स्कॉटलंड. ही नावे पर्यटन व्यवसायाने रुळवली हे खरे, पण लेखकांनी ती तपासून न घेता वापरली हेही तितकेच खरे. ही उपमा कोठून येते आणि ती काय झाकते, हे पाहिले पाहिजे.

१

डोंगर आणि सरोवरे यांचा जोडीने आस्वाद घेण्याची जी रीत आधुनिक काळात जगभर पसरली, तिचे एक मोठे उगमस्थान इंग्लंडच्या वायव्येकडील 'लेक डिस्ट्रिक्ट' हे आहे. विल्यम वर्डस्वर्थने या प्रदेशावर एक मार्गदर्शिका लिहिली. ती १८१० साली दुसऱ्याच्या चित्रसंग्रहाची निनावी प्रस्तावना म्हणून आली, पुढे स्वतंत्र पुस्तक झाली आणि १८३५ पर्यंत तिच्या पाच आवृत्त्या निघाल्या. वर्डस्वर्थ वाचकाला दोन शिखरांच्या मध्ये तरंगणाऱ्या ढगावर उभे राहायला सांगतो. तिथून खाली पाहिले की दऱ्या चाकाच्या आऱ्यांसारख्या तुंब्यापासून चहूकडे फाकलेल्या दिसतात, असे तो म्हणतो. सायकलचा शोध लागण्याआधीच्या माणसाने दिलेली ही उपमा आज सायकलस्वारांच्या नकाशाला तंतोतंत लागू पडते.

या दऱ्या अशा का आहेत, हे वर्डस्वर्थला ठाऊक नव्हते. हिमनद्यांनी हा प्रदेश कोरला हा विचार ब्रिटनमध्ये रुजू लागला तो १८४० पासून. त्या वर्षी स्वित्झर्लंडचा निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासी ब्रिटनमध्ये येऊन डोंगर पाहून गेला. बर्फाचे जाड थर सरकताना दरी खरवडतात, तिचा तळ रुंद व सपाट करतात, कोठे तो जास्त खोल खणतात, आणि वितळताना आणलेला दगडगोटा दरीच्या तोंडाशी टाकून नैसर्गिक बांध घालतात. त्या खोलगटात पाणी साचले की लांबट सरोवर तयार होते. सायकलवरून पाहिले तर या भूरचनेचा अर्थ पायांना कळतो. सरोवराकाठचा रस्ता मैलोन्‌मैल सपाट असतो, मग दरीच्या डोक्याशी एकदम भिंत उभी राहते. हार्डनॉट खिंडीच्या रस्त्याचा चढ काही ठिकाणी तीनास एक इतका आहे. खिंड ओलांडली की पलीकडे तितकाच उतार आणि पुन्हा सपाट दरी. चढ आणि उतार, श्रम आणि बक्षीस यांची जोडी हिमनदीनेच बांधून ठेवली आहे. युरोपातल्या सायकल-लेखनाची रचनाही तशीच झाली. खिंड चढायची, माथ्यावर क्षणभर थांबायचे, मग वाऱ्यासारखे खाली यायचे.

सह्याद्रीत यांतले काहीच नाही. इथला खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. तो थरावर थर साचला, म्हणून त्याला 'ट्रॅप' म्हणतात. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ जिना असा आहे. आपला 'घाट' हा शब्दही नदीच्या पायऱ्यांना आणि डोंगरातल्या वाटेला एकच लागतो. भूशास्त्राच्या परिभाषेत आणि बोलीत पायरीच यावी, हा योगायोग असेल, पण तो अचूक आहे. कोकणातून देशावर जाणारा घाट हा एका बाजूचा जिना असतो. पोफळीपासून कुंभार्ली चढले की पलीकडे तितकाच उतार मिळत नाही. थोडे खाली उतरून हेळवाक येते आणि रस्ता कोयनेच्या खोऱ्यातून पाटणमार्गे कराडपर्यंत हळूहळू उतरत जातो. जो चढ चढलो तो परत मिळत नाही, निदान त्याच दिवशी नाही. तरीही मराठी सायकल-लेखन माथ्यावर पोहोचले की खिंड जिंकल्याचा आव आणते. युरोपीय लेखनाचा साचा इथे भूगोलावर चढवलेला दिसतो.

२

आता पाण्याकडे येऊ. हिमयुगातल्या बर्फाच्या चादरी सह्याद्रीपर्यंत आल्या नाहीत. त्यामुळे हिमनदीने खणलेले एकही सरोवर महाराष्ट्रात नाही. मोठी नैसर्गिक सरोवरेही विरळाच. लोणार आहे, पण ते आकाशातून पडलेल्या पाषाणाने केलेले विवर आहे. पुण्या-मुंबईचे सायकलस्वार ज्या पाण्याच्या काठाने फिरतात ती सगळी पाणी अडवून केलेली आहेत. मुळशी, पानशेत, वरसगाव, भाटघर, भंडारदरा, धोम, राधानगरी आणि या सर्वांत मोठे कोयनेचे शिवसागर. महाराष्ट्राचा 'सरोवर-प्रदेश' ही जवळजवळ पूर्णपणे विसाव्या शतकाची निर्मिती आहे. तिच्यामागे बर्फ नाही. तिच्यामागे टाटा कंपनी आहे, सार्वजनिक बांधकाम व पाटबंधारे खाती आहेत, एक संस्थानिक आहे, विजेची गरज आहे आणि उठवलेली गावे आहेत.

हे कोणाला ठाऊक नसते असे नाही. प्रत्येक सायकलस्वार धरणाची भिंत पाहतो, बहुधा तिच्यासमोर छायाचित्रही काढतो. प्रश्न ठाऊक असण्याचा नाही, भाषेत काय येते याचा आहे. 'सरोवर' या शब्दाला मराठीत मानस, पंपा, कमळे आणि हंस चिकटलेले आहेत. 'जलाशय' हा सरकारी कागदावरचा शब्द आहे. त्याला वास नाही, पण खोटेपणाही नाही. आणि खोऱ्यातल्या लोकांचा शब्द आहे 'बुडीत'. जमीन बुडितात गेली, गाव बुडितात गेले. सरोवर म्हटले की पाणी पूर्वीपासून तिथेच होते असे वाटते. बुडीत म्हटले की पाण्याखाली काहीतरी आहे हे आपोआप सांगितले जाते. आजच्या सायकल-लेखनात पहिला शब्द मुबलक आहे, दुसरा अधूनमधून येतो आणि तिसरा जवळजवळ नाहीच. माझ्या मते या लेखनाची सर्वांत मोठी उणीव एवढ्या शब्दनिवडीत सापडते.

कोयनेची हकीकत थोडक्यात अशी. महाबळेश्वरला उगम पावून ही नदी दक्षिणेकडे, सह्याद्रीच्या धारेला समांतर वाहते आणि हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेकडे वळून कराडला कृष्णेला मिळते. धरण १९५०-६०च्या दशकांत बांधले गेले. ते सुमारे १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरांहून थोडे अधिक लांब आहे. आजची साठवणक्षमता १०५ अब्ज घनफुटांच्या वर आहे. हे पाणी निसर्गाने बंगालच्या उपसागराकडे पाठवले होते. माणसाने ते बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवले. ते नवजाच्या बाजूने डोंगराच्या पोटात शिरते आणि पाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळून पोफळीच्या भूमिगत वीजगृहातल्या जनित्रांवर पडते. पहिला आणि दुसरा टप्पा मिळून तिथे ६०० मेगावॉट क्षमता आहे. वापरलेले पाणी कोळकेवाडीच्या जलाशयात साठते, पुन्हा वीज देते आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळते. सर्व टप्प्यांची मिळून क्षमता १९६० मेगावॉट आहे. पश्चिमेकडे किती पाणी वळवायचे यावर बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली, कारण पूर्वेकडच्या शेतांचाही त्या पाण्यावर हक्क होता.

पोफळीहून निघालेला सायकलस्वार म्हणजे नेमका तेवढाच उंचीफरक उलट दिशेने चढत असतो. त्याच्या डाव्या हाताच्या डोंगरात, खडकाआड, पाणी खाली येत असते आणि तो वर जात असतो. या जोडीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. सायकलसह ऐंशी किलो वजन पाचशे मीटर उचलायला जे उपयुक्त कार्य लागते ते साधारण ०.११ युनिट विजेइतके भरते. दम लागणे, घाम, मांड्यांची आग, माथ्यावरचा जल्लोष या सगळ्याचा विजेच्या बिलातला आकडा म्हणजे एका युनिटाचा दहावा हिस्सा. तेवढेच काम ऐंशी लिटर पाणी, म्हणजे चार-पाच हंडे, त्या बोगद्यातून खाली येताना करून टाकते. पूर्ण क्षमतेने चालताना पोफळीच्या जनित्रांना दर सेकंदाला शंभराहून अधिक घनमीटर पाणी लागते.

हा हिशेब सायकलस्वाराला कमी लेखण्यासाठी मांडलेला नाही. उलट, सायकल हे असे वाहन आहे की ज्यावर बसून पाचशे मीटर म्हणजे काय हे शरीराला समजते. मोटारीतल्या माणसाला ते कळत नाही. पोफळीच्या विजेचा अर्थ समजायचा असेल तर कुंभार्ली घाट स्वतःच्या पायांनी चढणे हा उत्तम पाठ आहे. पण घाटावरचे जे लेखन वाचनात येते त्यात चढाचा आकडा असतो आणि वीजगृहाचे नावही असते, मात्र दोन्ही एकाच उंचीच्या दोन बाजू आहेत ही जाणीव क्वचितच आढळते. शरीराने जे शिकलेले असते ते वाक्यात उतरत नाही.

३

ते का उतरत नाही? कारण तिथे दुसरी एक तयार भाषा आधीच येऊन बसलेली असते. ती पराक्रमाची भाषा आहे. मराठी गिरिभ्रमणाने आपली शब्दकळा शिवकाळातून घेतली. मोहीम, सर करणे, फत्ते, चढाई. गड चढताना तिला काही अर्थ होता, निदान स्थळ आणि शब्द यांचे नाते होते. सायकल-लेखनाने ती तशीच उचलली आणि तिच्यात युरोपीय शर्यतींची भर घातली. मुंबई-पुणे शर्यतीतल्या बोरघाटासाठी 'घाटांचा राजा' हा किताब आपल्याकडे जुनाच आहे. त्याला आता अंतर, एकूण चढ, सरासरी वेग यांचे आकडे आणि २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करण्याचे ब्रेव्हेचे कौतुक जोडले गेले.

या भाषेचे विश्लेषण रोलाँ बार्थ याने १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या पुस्तकात फ्रान्सच्या सायकल शर्यतीवरच्या निबंधात केले आहे. त्याच्या मते ती शर्यत म्हणजे महाकाव्य आहे. तिथे डोंगर माणसांसारखे स्वभाव धारण करतात आणि माणसे निसर्गशक्तींसारखी होतात. माँ व्हाँतू हा डोंगर तर बळी मागणारे दुष्ट दैवत बनतो. बार्थचे म्हणणे आपल्याला दोन अंगांनी उपयोगी पडते. एक, घाटाला शत्रू मानणारी भाषा ही निसर्गाचे वर्णन नसून दंतकथा आहे, आणि दंतकथा म्हणून ती आनंददायक आहे. दोन, दंतकथेचे मुख्य काम इतिहास पुसणे हे असते. घाट जर राक्षस असेल तर तो कोणी खोदला, कोणासाठी, हे विचारायची गरज राहत नाही. कुंभार्लीचा रस्ता चिपळूण बंदर आणि कराडची पेठ यांच्यातल्या व्यापाराचा आहे. १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये घाटांची नोंद याच हिशेबाने येते. कोणत्या घाटातून गाड्या जातात आणि कोणत्यातून फक्त लादलेले बैल, असा तो हिशेब आहे. जो चढ आज आपण 'सर' करतो, तो कोणाच्या तरी रोजच्या पोटाचा रस्ता होता आणि आजही मालमोटारींच्या चालकांसाठी तो तसाच आहे.

४

मराठी साहित्याला धरणाचा विषय नवा नाही. गो. नी. दांडेकरांनी भाक्रा-नानगल प्रकल्पावर 'आम्ही भगीरथाचे पुत्र' ही कादंबरी लिहिली. शीर्षकातच तिची दृष्टी आहे: पाणी आणणाऱ्यांचा अभिमान. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ने १९९१ साली तेच पाणी दुसऱ्या बाजूने, उठवलेल्या माणसांच्या नजरेने दाखवले. त्या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुळशीच्या सत्याग्रहावर राजेंद्र व्होरा यांच्यासारख्या अभ्यासकाने ग्रंथ लिहिला. म्हणजे बांधणाऱ्याची आणि बुडणाऱ्याची, अशा दोन्ही नजरा मराठीत आहेत. सायकल-लेखन ही तिसरी नजर आहे, जाता जाता पाहणाऱ्याची. तिला पहिल्या दोघींची माहिती असावी एवढी अपेक्षा गैर नाही. आज ती या दोन्ही परंपरांशी बोलत नाही. ती बोलते काश्मीरशी आणि आल्प्सशी.

यावर एक रास्त आक्षेप येईल. रविवारी पहाटे घर सोडून निघालेल्या माणसाने समाजशास्त्रज्ञ का व्हावे? आनंदासाठी केलेल्या गोष्टीवर अपराधाची छाया का पाडावी? आक्षेपाला वजन आहे, आणि त्याचा एक दाखला वर्डस्वर्थच्याच चरित्रात आहे. १८४४ साली केंडल ते विंडरमिअर रेल्वेला त्याने विरोध केला. निसर्गाची कळकळ त्यात होतीच, पण गिरणीगावांतल्या कामकऱ्यांना हे सौंदर्य पेलणार नाही, हा तोराही होता. पाहणाऱ्यांना नजर नाही असे म्हणणारी टीका पुष्कळदा नव्याने आलेल्यांना दाराबाहेर ठेवण्यासाठी असते. सायकलवर घाट चढणाऱ्या तरुण मुलामुलींवर तसला तोरा गाजवण्याचे कारण नाही. त्यांच्या आनंदाबद्दल माझी काही तक्रार नाही. लेखनाचे मात्र वेगळे आहे. आनंद घेणे ही खाजगी बाब असेल, तो छापणे ही सार्वजनिक बाब आहे. छापलेल्या वाक्यातून एखाद्या खोऱ्याची ओळख तयार होते. शिवसागराची ओळख 'अस्पर्श निसर्ग' अशी झाली, तर तिथून उठलेल्यांचे दावे आपोआप जुनाट आणि रसभंग करणारे ठरू लागतात.

हे दावे जुनाट नाहीत. कोयनेच्या बुडितात शंभराच्या आसपास गावे बाधित झाली. त्यांतली माणसे सोलापूर, सांगली, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत पांगली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ सालचा. कोयनेचे लोक त्याआधी उठले होते, म्हणून त्यांच्या जमिनींचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिले आणि आंदोलने होत राहिली. पाण्याच्या वरच्या अंगाला जी गावे उरली, विशेषतः कांदाटी खोऱ्यातली, त्यांच्या जुन्या वाटा पाण्याने तोडल्या. बाजार, दवाखाना, शाळा यांसाठी लाँच हे त्यांचे वाहन झाले. हीच लाँच प्रवासवर्णनात 'नौकाविहार' म्हणून येते. पुढे या परिसरात १९८५ साली अभयारण्य झाले, २०१० साली व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१२ साली जागतिक वारसा स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. आज तिथे जे घनदाट अरण्य दिसते, त्याच्या दाट होण्यामागे पाऊस आणि संरक्षण आहे, तसेच माणसांचे उठून जाणेही आहे. हे वाक्य लिहिल्याने अरण्याची हिरवाई कमी होत नाही.

५

आता हिमनदीच्या प्रदेशाकडे पुन्हा एकदा पाहू, कारण तुलनेचा खरा उपयोग इथेच आहे. लेक डिस्ट्रिक्टमधली सगळी सरोवरे हिमनदीने जशी दिली तशी राहिलेली नाहीत. थर्लमियर हे पूर्वी लहान, अरुंद पाणी होते. मँचेस्टर शहराने १८७९ साली कायदा करून घेतला, धरण बांधले आणि १८९४ पासून सुमारे दीडशे किलोमीटर लांबीच्या जलवाहिनीने पाणी शहरात नेले. त्याविरुद्ध संघटना उभी राहिली होती, पण ती हरली. पुढे हॉजवॉटरवर धरण झाले आणि १९३०च्या दशकात मार्डेल नावाचे गाव पाण्याखाली गेले. मोठा दुष्काळ पडला की तिथल्या भिंती आणि पूल अजून वर येतात आणि लोक ते पाहायला जातात. आपल्याकडे उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ असेच वर येते. म्हणजे ज्या प्रदेशाला आपण निर्भेळ निसर्गाचा नमुना समजून आपल्या धरणांना त्याची उपमा देतो, त्या प्रदेशातही शहराच्या तहानेसाठी गाव बुडाले आहे. उपमा द्यायचीच असेल तर शिवसागराला विंडरमिअरची न देता हॉजवॉटरची द्यावी. ती खरी ठरेल आणि वाचकाला दोन्ही ठिकाणांबद्दल काही शिकवील.

दुसरा धागा तर थेट पोफळीच्या डोंगरातच आहे. कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाला खालून भोक पाडण्यात आले. बोगदा तळाच्या अगदी जवळ आणायचा आणि शेवटचा खडक सुरुंगाने उडवायचा, असे हे 'लेक टॅपिंग'चे तंत्र नॉर्वेत रुळलेले. तिथे ते का वाढले, याचे उत्तर हिमनदीत आहे. उंच डोंगरांत हिमनद्यांनी खोल सरोवरे आयतीच खणून ठेवली होती. धरण बांधण्यापेक्षा त्यांच्या तळाला भोक पाडणे सोपे होते. बर्फाने घडवलेल्या देशात जन्मलेली युक्ती लाव्ह्याच्या देशात, माणसाने केलेल्या पाण्याखाली वापरली गेली. २०१२ साली ती पुन्हा वापरली. सह्याद्री आणि हिमनदी यांचा जर कोठे खराखुरा संबंध असेल तर तो इथे आहे, आणि 'मिनी काश्मीर' म्हणणाऱ्या लेखनात त्याचा मागमूस नाही.

तिसरे साम्य अधिक गंभीर आहे. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याने स्कँडिनेव्हियाची भूमी खाली दबली होती आणि बर्फ वितळून हजारो वर्षे झाली तरी ती अजून हळूहळू वर येते आहे. पाणी भूमीवर भार टाकते आणि भूमी त्याला उत्तर देते. कोयनेत पाणी साठू लागल्यावर धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मोठा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांचे जगातले प्रमुख उदाहरण म्हणून आज कोयनेचा अभ्यास होतो आणि त्यासाठी कराडजवळ प्रयोगशाळा आहे. ज्या पाण्याला लेखक 'शांत, निवांत' म्हणतो, त्याच्याबद्दलचे हे ज्ञान वाक्यात न येणे ही साहित्यिक चूक आहे, कारण त्यामुळे विशेषणच खोटे पडते.

६

मग चांगले सायकल-लेखन कसे असेल? त्याचे घटक आजच्या लेखनात विखुरलेले सापडतात, हे मान्य केले पाहिजे. वारा कोणत्या वळणावर तोंडावर येतो, डांबर कोठे खडबडीत होते, सपाट भासणारा तुकडा प्रत्यक्षात चढाचा कसा असतो, पावसाळ्यात पऱ्या रस्त्यावरून कसा वाहतो, ब्रेक तापल्याचा वास कसा येतो, या बारकाव्यांत हे लेखन मोटारीतल्या प्रवासवर्णनापेक्षा कितीतरी पुढे आहे. सायकलचा वेग पाहायला पुरेसा कमी आणि अंतर कापायला पुरेसा जास्त असतो. चालणाऱ्याला एका दिवसात समुद्राकाठचे सडे, चिपळूणची खाडी, पोफळी, घाट आणि कोयनेचे खोरे दिसणार नाही. मोटारीतल्याला ते दिसेल पण लागणार नाही. सायकलस्वाराला दिसतेही आणि लागतेही. पाणलोटाचा पूर्ण छेद एका दिवसात अनुभवता येईल असे हे एकच वाहन आहे. म्हणूनच या प्रकाराकडून अपेक्षा जास्त आहे.

बदल कराव्या लागतील त्या गोष्टी थोड्या आहेत. आल्प्सच्या खिंडीचा साचा सोडून घाटाचा एकतर्फी जिना स्वीकारला, तर माथा हा शेवट राहणार नाही. लेखनाला हेळवाकपर्यंत, पाटणपर्यंत जावे लागेल. 'सर केला'ऐवजी 'चढलो' म्हटले, तर घाटाचा इतिहास आत यायला जागा होईल. आणि पाण्यापाशी थांबल्यावर दोन प्रश्न विचारले, हे पाणी इथे कधीपासून आहे आणि इथून कोठे जाते, तर बाकीचे बहुतेक आपोआप येईल. पोफळीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिवसभरात बदलते. संध्याकाळी राज्यभर दिवे लागतात आणि विजेची मागणी चढते, तेव्हा इथली जनित्रे कामाला लागतात. वाशिष्ठीच्या पात्रातल्या पाण्यावर त्याचा परिणाम दिसतो. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणकरांनी या पाण्याबद्दल जे प्रश्न विचारले, ते कोणत्याही प्रवासवर्णनाहून नेमके होते.

संपादकांचीही यात जबाबदारी आहे. पर्यटन पुरवणीतला मजकूर म्हणून जे लेखन आपण सहज छापतो, त्यालाही शब्दांची तपासणी लागते. कथेत 'सरोवर' चुकीच्या जागी आले तर संपादक खूण करतो. प्रवासवर्णनात तो ते सौंदर्य म्हणून सोडून देतो. या हिवाळ्यात पुन्हा सायकली कुंभार्लीला लागतील आणि पुन्हा लेख येतील. ते यावेत. त्यांत चढाची मीटरमधली उंची असेल, तिच्या शेजारी त्याच उंचीवरून खाली येणाऱ्या पाण्याची आणि त्या पाण्याखालच्या गावांची ओळ असावी. लेखकाला त्यासाठी सायकलवरून फारसे दूर जावे लागणार नाही. पोफळीत सायकल भिंतीला टेकवून, चहाच्या टपरीवर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला "तुम्ही मूळचे कुठले?" एवढे विचारले, तरी सुरुवात होऊ शकते.